दोन पट्ट्यांचा पाऊस

मुलांनो, हा लेख वाचायला बसताना दप्तरातली मोठी पट्टी जवळ घ्या. तीच ती, तीस सेंटिमीटरची. घेतलीत? आता ती जमिनीवर उभी धरा. तिच्या डोक्यावर तशीच आणखी एक पट्टी उभी आहे असं समजा. आपल्या सोलापुरात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, तो सगळाच्या सगळा जमिनीवर तसाच उभा राहिला, एक थेंब जिरला नाही, वाहून गेला नाही, वाफ होऊन उडाला नाही, तर त्याची उंची या दोन पट्ट्यांएवढीसुद्धा भरणार नाही! सरासरी काढली तर साधारण ५५ सेंटिमीटर. भूगोलाच्या पुस्तकात पाऊस मिलिमीटरमध्ये लिहितात, म्हणजे ५५०च्या आसपास. चौथीतलं पोर त्या पाण्यात उभं केलं तर पाणी त्याच्या मांडीपर्यंत येईल, बस्स.

तिकडे महाबळेश्वरला हाच हिशेब केला तर अठरा-वीस पट्ट्या एकावर एक उभ्या कराव्या लागतील. ढग तेच, समुद्र तोच. पण मधे सह्याद्री आहे ना! तो ढगांना अडवतो, त्यांची पोतडी तिथेच रिकामी करून घेतो आणि उरलंसुरलं आपल्याकडे पाठवतो. यालाच पर्जन्यछाया म्हणतात, हे तुम्ही शिकला असाल. आपल्या पावसाचा मोठा वाटा तर सप्टेंबरात येतो, पाऊस परत निघतो तेव्हा. पाहुणा घराबाहेर पडता पडता मुलांच्या हातावर खाऊ ठेवतो ना, तसा.

"मग उजनीचं पाणी?" असं एखादा हुशार विद्यार्थी लगेच विचारेल. बरोबर आहे, नळाला उजनीचं पाणी येतं. पण उजनी धरण भीमेवर आहे, आणि भीमा येते पुणे जिल्ह्यातल्या डोंगरांतून. म्हणजे ते पाणी डोंगरावर पडलेल्या पावसाचं. शेजारच्या घरून आणलेल्या वाटीभर साखरेसारखं. आपलं स्वतःचं म्हणाल तर ते या दोन पट्ट्यांच्या आतलं.

आता या दोन पट्ट्यांत काय काय बसवायचं ते बघा. उसाला वर्षभरात लागतं दीड हजार ते अडीच हजार मिलिमीटर पाणी. म्हणजे पाच ते आठ पट्ट्या! ठिबक सिंचन केलं तर त्यात बचत होते, पण दोन पट्ट्यांत ऊस काही बसत नाही. वरचं पाणी विहिरीतून, बोअरमधून नाहीतर कालव्यातून आणावं लागतं. आणि आपला जिल्हा तर साखर कारखान्यांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो.

आणि ज्वारी? आपली शाळू ज्वारी, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरतात केव्हा? पाऊस संपत आला की. सप्टेंबर-ऑक्टोबरात. गंमत आहे की नाही! बाकीची पिकं पावसाची वाट बघतात आणि ही बाई पाऊस निघून चालला की उगवते. तिचं बळ आहे ते आपल्या काळ्या जमिनीत. काळी माती ओली झाली की फुगते, पाणी पोटात धरून ठेवते आणि मग हळूहळू सोडते. ज्वारीची मुळं मीटरभर आणि त्याहूनही खोल जातात, त्या साठवलेल्या ओलीला शोधत. पानांवर मेणासारखा पातळ थर असतो, त्यामुळे पाणी कमी उडतं. ऊन जास्तच झालं तर पानं स्वतःला गुंडाळून घेतात. आपण उन्हात डोक्यावर पदर घेतो तशी. म्हातारी माणसं सांगतात, शाळू थंडीवर आणि दवावर पिकते. ते सगळं शास्त्रात बसतं असं नाही, पण म्हणण्यात तथ्य आहे: ती फार मागत नाही.

मालदांडी हे नाव तुम्ही किराणा दुकानात ऐकलं असेल. आई म्हणते, "मालदांडीच द्या हो, भाकरी मऊ होते." त्या मालदांडीचा 'एम ३५-१' हा वाण आपल्या जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडला गेला, तोही स्वातंत्र्याच्या आधी. एवढी वर्षं झाली, नवे वाण आले आणि गेले, तरी शेतकरी अजून मालदांडी पेरतात. आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे दुसऱ्या गावची ज्वारी 'मंगळवेढ्याची' म्हणून विकता येत नाही. दुष्काळात बादशहाचं धान्याचं कोठार उघडून लोकांना वाटणारे दामाजीपंत याच मंगळवेढ्याचे. ती गोष्ट आजीला विचारा, ती माझ्यापेक्षा चांगली सांगेल.

मी वर्गात हे सगळं सांगितलं, पट्ट्या उभ्या करून दाखवल्या, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "पण बाई, आम्ही काय करणार? आम्ही थोडेच शेतकरी आहोत?"

मी म्हटलं, डबे उघडा.

बेचाळीस डबे होते. पोळी-भाजी होती, पोहे होते, दुकानातली पुड्यातली बिस्किटं होती, शेवया होत्या. भाकरी किती डब्यांत होती? चार. त्यातली एक मुलगी डब्याचं झाकण अर्धवट उघडं ठेवून, आतल्या आतच भाकरीचा तुकडा मोडून खायची. कुणाला दिसू नये म्हणून. मला ते रोज दिसत होतं आणि मी काही बोलले नव्हते, ही माझी चूक. ज्या गावाच्या आजूबाजूला मैलोन् मैल ज्वारी डोलते, त्या गावातल्या पोरीला भाकरीची लाज वाटावी?

त्या दिवशी मी माझाच डबा टेबलावर उघडला. कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही. कडक भाकरी सोलापूरकरांना सांगायला नको, पण हे साप्ताहिक मुंबई-नागपूरची मुलंही वाचतात, म्हणून सांगते. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजून पूर्ण वाळवायची. पापडासारखी कुरकुरीत होते आणि कितीतरी दिवस टिकते. फ्रीज नको, काही नको. आमटीत कुस्करली की मऊ. आमच्या शहरात कितीतरी घरांतल्या बायका या भाकऱ्या करून विकतात आणि त्यावर घर चालवतात. सोलापूरचा माणूस पुण्याला निघाला की त्याच्या पिशवीत चादर असो नसो, कडक भाकरीचा गठ्ठा असतोच.

पुढच्या सोमवारी वर्गात एकोणीस डब्यांत भाकरी होती. आता हे सगळं माझ्यामुळे झालं असं समजू नका. त्यातल्या निम्म्या मुलांनी घरी हट्ट केला तो मित्राच्या डब्यातली शेंगा चटणी खाऊन. पण त्या मुलीनं झाकण बाजूला काढून ठेवलं होतं. ते मी पाहिलं.

पालकांसाठी एक गोष्ट इथे सांगते. ज्वारीत लायसिन नावाचा प्रथिनाचा एक घटक कमी असतो आणि तो डाळींमध्ये भरपूर असतो. म्हणून नुसती भाकरी पुरत नाही, पण भाकरीबरोबर तुरीची आमटी, मटकीची उसळ नाहीतर पिठलं असलं की हिशेब जुळतो. आपल्या आज्यांनी हे शास्त्र कुठल्या पुस्तकात वाचलं होतं? पण ताटात ते बरोबर मांडलेलं असायचं. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं, त्यात ज्वारी-बाजरीही होत्या. शहरांत मोठमोठे कार्यक्रम झाले. आपण मात्र भाकरीला 'गरिबाचं खाणं' म्हणतच राहिलो तर काय उपयोग?

आणि हो, मांस-मच्छी खाणाऱ्या घरांना मी नावं ठेवत नाही. माझ्या वर्गात दोन्ही प्रकारची मुलं आहेत आणि ती एकाच सतरंजीवर बसून जेवतात. फक्त एक हिशेब ठेवा. कोंबडीचं वजन एक किलोनं वाढायला तिला साधारण दोन किलो खाद्य लागतं, आणि ते खाद्य म्हणजे मका आणि सोयाबीन. ते कुठल्यातरी शेतात, कुणाच्यातरी पाण्यावर पिकतं. धान्य थेट ताटात आलं तर मधला वळसा वाचतो. उलट माळावर नुसत्या गवतावर चरणारी धनगरांची मेंढरं बघा. जिथे दुसरं काही पिकत नाही तिथलं गवत ती खातात. म्हणजे सगळ्याच गोष्टींना एकच माप लावून चालत नाही. पण आठवड्यातले पाच-सहा दिवस भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगा यांवर मजेत निघतात, हे सोलापूरला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको.

नको, कारण आपल्याकडे वेळा अमावस्या आहे!

ज्यांना माहीत नाही त्यांनी कान देऊन ऐका. मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतला दिवस. सोलापूर, लातूर, धाराशिव आणि पलीकडे कर्नाटकात त्या दिवशी गावं रिकामी होतात आणि शेतं भरतात. कुणी 'येळवस' म्हणतं. हा शब्द कानडीतून आला असं सांगतात. ज्वारी डोक्याएवढी झालेली असते, हरभऱ्याला घाटे धरत असतात, तूर वाळायला आलेली असते. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, म्हणजे छोटीशी खोपटी. तिच्यात पाच दगड मांडतात, त्यांना चुना लावतात. ते पाच पांडव. पूजा होते, मग शेताभोवती फिरून आंबील शिंपडतात. जमिनीला जेवायला घालायचं, अशी त्यामागची भावना.

आणि जेवण! भज्जी नावाची एक भाजी असते. भजी नव्हे हं, भज्जी. तिच्यात हिरवा वाटाणा, तुरीचे ओले दाणे, हरभरा, वालपापडी, मेथी, चुका, जे जे शेतात आणि बाजारात हिरवं मिळेल ते सगळं एकत्र शिजतं आणि चिंच नि बेसन घालून घट्ट होतं. बरोबर बाजरीचे उंडे. ज्वारीचं पीठ आणि ताक यांची आंबील, मातीच्या मडक्यात गार केलेली. गव्हाची खीर, शेंगाची पोळी. कुणाच्याही शेतात जा, ओळख असो नसो, जेवल्याशिवाय सोडत नाहीत. आम्ही लहानपणी एका दिवसात चार शेतांत जेवायचो आणि पाचव्या शेतात झोपायचो.

त्या जेवणातलं बहुतेक सगळं त्याच मातीतून आलेलं असतं, आणि उरलेलं तिथेच परत जातं. पळसाच्या पानांची पत्रावळ जेवून झाली की बैलाच्या पुढ्यात नाहीतर उकिरड्यात. महिन्याभरात तिची माती. अलीकडे मात्र मी बघते, त्याच बांधावर चकचकीत प्लास्टिकच्या ताटल्या, पाण्याचे प्लास्टिकचे पेले. सणाच्या दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं ते उडत जातात आणि ज्वारीच्या ताटांना अडकून बसतात. जमिनीला जेवायला घालण्याचा सण आणि जेवणानंतर तिच्या तोंडात प्लास्टिक! गेल्या वेळी आमच्या वर्गातली सहा मुलं आपापल्या शेतांतून पोतं घेऊन फिरली आणि पेले गोळा करून आणले. मोजायला बसलो तर मोजता मोजता कंटाळा आला. त्यापेक्षा येत्या अमावस्येला घरातूनच स्टीलची ताटं-वाट्या नेऊ, असं मुलांनीच ठरवलं आहे. घासायचं काम कुणाचं यावर मात्र अजून भांडण चालू आहे.

गोळा करणं, खणणं, झाडणं, ही कामं हलकी वाटतात ना? आता सिद्धेश्वर तलावाकडे चला.

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या शेजारचा तो तलाव आणि मधलं मंदिर तुम्ही पाहिलं असेल. निदान जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला पाळण्यात बसून तरी! बाराव्या शतकात, जेव्हा सोलापूरला सोन्नलगी म्हणत, तेव्हा इथे सिद्धरामेश्वर होऊन गेले. ते बसवेश्वरांच्या काळातले. या कोरड्या मुलखात पाण्याशिवाय धर्म कसला, असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी आपल्या भक्तांना घेऊन तलाव खोदायला घेतला. राघवांक नावाच्या कन्नड कवीनं त्यांचं चरित्र लिहिलं आहे. अल्लमप्रभू त्यांना भेटायला आले तेव्हा सिद्धराम या खोदकामातच गुंतलेले होते, अशी कथा सांगतात. अल्लमप्रभू त्यांना चक्क 'दगड फोडणारा ओड्डर' म्हणून हाक मारतात! भक्त चिडले म्हणे. मला विचाराल तर ती शिवी नव्हती, पदवी होती. पण हे माझं मत. गोष्टीत पुढे त्या दोघांची मोठी चर्चा होते, ती तुम्ही मोठेपणी वाचा.

म्हणजे बघा, लोकांनी एकत्र येऊन अंगमेहनतीनं पाणी साठवायचं, हे सोलापूरला आठशे वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. त्याला आज आपण श्रमदान म्हणतो. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत पाणी फाउंडेशननं महाराष्ट्रात 'सत्यमेव जयते वॉटर कप' ही स्पर्धा घेतली. उन्हाळ्यातले पंचेचाळीस दिवस, गावागावांत चुरस. कुठलं गाव पावसाचं पाणी अडवायची जास्त आणि चांगली कामं करतं? २०१९ साली पहिला क्रमांक आला तो आपल्या बार्शी तालुक्यातल्या सुर्डी गावाचा! बक्षीस पंचाहत्तर लाख रुपये. पण बक्षीस एका गावाला, पाणी मात्र स्पर्धेत उतरून खणलेल्या प्रत्येक गावाला, ही त्या स्पर्धेतली खरी मजा.

मे महिन्याचं सोलापुरी ऊन म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. पारा चव्वेचाळीसवर. त्या दिवसांत अशा गावांतली माणसं पहाटे टिकाव-फावडं घेऊन डोंगराच्या उताराला जायची. आजोबा खणणार, सून पाटी भरणार, पोरं पाण्याचा तांब्या घेऊन धावणार. खणायचं काय? चर. पण चर वाटेल तसा खणून चालत नाही. तो उताराला आडवा आणि अगदी समपातळीत हवा. थोडा जरी तिरका गेला तर पाणी एका टोकाला धावतं, तिथून फुटतं आणि माती घेऊन निघून जातं. समपातळीत असला तर पाणी त्यात शांतपणे उभं राहतं आणि जिरतं. याला सलग समतल चर म्हणतात.

मग ओबडधोबड उतारावर समपातळी शोधायची कशी? इंजिनियर लागतो? मुळीच नाही. दोन काठ्या लागतात, एक दांडी, सुतळी आणि दगड. हे तुम्ही शाळेच्या मैदानावर करून बघाच.

दोन सारख्या लांबीच्या, तुमच्या डोक्याएवढ्या उंच काठ्या घ्या. वरची टोकं सुतळीनं घट्ट बांधा आणि खालची फाकवा. मधोमध आडवी दांडी बांधा. इंग्रजीतलं 'ए' अक्षर झालं ना? वरच्या गाठीतून सुतळीला दगड बांधून खाली सोडा, गवंडीकाकांच्या ओळंब्यासारखा. सुतळी आडव्या दांडीला चाटून लोंबकळली पाहिजे. आता चौकट कुठेही उभी करा, दोन्ही पायांच्या जागी खडूनं खूण करा, आणि सुतळी दांडीला जिथे लागते तिथे पेन्सिलीनं रेघ मारा. मग चौकट फिरवा: डावा पाय उजव्याच्या जागी, उजवा डाव्याच्या. पुन्हा रेघ मारा. या दोन रेघांच्या बरोबर मध्ये तिसरी, ठळक रेघ काढा. सुतळी त्या ठळक रेघेवर आली की समजायचं, दोन्ही पाय एकाच पातळीत आहेत. झालं तुमचं यंत्र!

आता उतारावर जा. एक पाय रोवा, दुसरा पाय पुढे-मागे सरकवत सुतळी ठळक रेघेवर आणा. तिथे चुन्याची फक्की टाका. मग त्या पायावर चौकट फिरवा आणि पुढची जागा शोधा. असं पावलापावलानं चालत गेलात की मागे वळून बघा. फक्कीची एक नागमोडी रेघ दिसेल. सरळ नसेल ती, पण तिच्यावरचा प्रत्येक ठिपका सारख्याच उंचीवर आहे. भूगोलाच्या नकाशात समोच्चरेषा असतात ना, ज्या पाठ करताना तुम्हाला झोप येते? तीच ही. आमच्या मुलांनी पहिल्यांदा काढली तेव्हा एक मुलगा ओरडला, "बाई, ही तर पुस्तकातून बाहेर आली!"

आता माझी फजिती सांगते. वर सगळं शहाणपण सांगून झालं आहे, तेव्हा हेही सांगायला हवं.

काही वर्षांपूर्वी मी तेव्हा ज्या शाळेत होते, तिथे जुलैत वृक्षारोपण केलं. चाळीस रोपं. पाहुणे आले, नारळ फुटला, फोटो निघाले, मुलांनी घोषणा दिल्या. पुढच्या एप्रिलमध्ये मोजली तर किती राहिली होती? तीन. बाकीची वाळून काड्या झाली होती. दोष कुणाचा? माझाच. उन्हाळ्याच्या सुटीत शाळा बंद असते, हे मला माहीत नव्हतं का? दोन पट्ट्यांच्या मुलखात चाळीस रोपांना पाणी कोण घालणार, हे मी लावण्याआधी विचारलंच नाही. एका मुलानं मला विचारलं, "बाई, आपण झाडं लावली की मारली?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या वर्षी आम्ही दहाच लावली. कडुनिंब, करंज आणि चिंच, इथलीच, ऊन सोसणारी. प्रत्येक रोपाशेजारी एक बिनरंगाचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं, त्यात पाणी भरून वर झाकण ठेवलं. मडक्यातून पाणी पाझरत राहतं आणि मुळांनाच मिळतं, उन्हाला मिळत नाही. आणि दहा रोपं शाळेच्या जवळ राहणाऱ्या दहा घरांना वाटून दिली, सुटीपुरती. त्यातली आठ जगली. कडुनिंबाचं रोप विकत आणायचीही गरज नाही. मे ते जुलैत पिवळ्या लिंबोळ्या पडतात, त्या धुऊन लगेच पेरायच्या. 'नंतर पेरू' म्हणून डब्यात ठेवल्या तर काही आठवड्यांत त्यांची उगवण्याची ताकद जाते.

पण झाडाबद्दल सगळ्यात मोठा धडा मी शिकले तो नान्नजला, आणि तो असा की काही ठिकाणी झाड लावायचंच नसतं!

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज आहे. तिथला माळ पहिल्यांदा बघितलात तर म्हणाल, इथे आहे काय? नुसतं पिवळं गवत. कुसळी, पवना, मारवेल. मीही तेच म्हटलं होतं, आणि मनात म्हटलं होतं, इथे हजार झाडं लावली पाहिजेत. पण हा माळ म्हणजे ओसाड जमीन नव्हे, भरलेलं घर आहे. काळविटांचं, लांडग्यांचं, खोकडांचं, आणि माळढोकाचं.

माळढोक हा मीटरभर उंचीचा, उडू शकणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत भरतं. मादी जमिनीवरच, घरटं न बांधता, बहुधा एकच अंडं घालते. त्याला मोकळा माळ लागतो, कारण दुरून येणारा शत्रू दिसला पाहिजे. टोळ, किडे, ज्वारी-हरभऱ्याच्या रानातलं काहीबाही, भुईमुगाचे दाणे, हे त्याचं खाणं. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी इथल्या माळढोकांकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं, आणि १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं. सुरुवातीला ते होतं जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं! त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं. जमिनीचे व्यवहार अडले, लोक वैतागले, आणि राग निघाला बिचाऱ्या पक्ष्यावर. पुढे अभयारण्याचं क्षेत्र कमी करून सुमारे १२२२ चौरस किलोमीटर केलं. दोन्ही बाजूंचं ऐकलं की वाटतं, माणसांना विचारून सुरुवात केली असती तर?

दरम्यान ज्वारी-भुईमुगाच्या रानांत विहिरी-बोअर आले, ऊस आला, द्राक्षं आली. उसात माळढोक उभाच राहू शकत नाही. त्याला दिसत नाही, चालता येत नाही. विजेच्या तारा आल्या. हा पक्षी जड, समोरचं त्याला नीट दिसत नाही, तो तारांवर आदळतो. गेल्या काही वर्षांच्या गणनेत नान्नजला एखादाच माळढोक दिसतो, कधी तोही नाही. सगळ्या भारतात मिळून दीडशेसुद्धा उरले नाहीत, तेही बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. तिथे अंडी उबवून पिल्लं वाढवायचा प्रयत्न २०१९ पासून चालू आहे, आणि २०२४ साली कृत्रिम गर्भधारणेतून एक पिल्लूही जन्माला आलं. उद्या ती पिल्लं मोठी होऊन सोडायची म्हटलं तर सोडणार कुठे? त्यांना माळ लागेल. आणि आपण उत्साहाच्या भरात तिथे झाडं लावून बसलो असू तर?

उन्हाळ्यात बुद्धपौर्णिमेच्या रात्री अभयारण्यांच्या पाणवठ्यांवर वन्यप्राण्यांची मोजणी होते. चंद्राच्या उजेडात मचाणावर बसून रात्रभर न बोलता नोंदी करायच्या. वनखात्याबरोबर स्वयंसेवकही असतात. तुम्ही अजून लहान आहात, पण तुमच्या बाबांना किंवा मावशीला जाता येईल. रात्रभर न बोलता बसणं हे त्यांना जमतं का, तेही कळेल.

तुम्हाला आत्ता करता येईल असं मोजणीचं एक काम आहे, आणि तेही पट्टीनंच. सरळ बाजूंचा, म्हणजे वर-खाली सारख्याच रुंदीचा एक डबा किंवा काचेची बरणी घ्या. गच्चीवर, अंगणात किंवा शाळेत, झाडाखाली नाही आणि भिंतीला चिकटून नाही, अशी मोकळ्यावर ठेवा. वाऱ्यानं पडू नये म्हणून भोवती विटा लावा. रोज सकाळी साडेआठला आत किती मिलिमीटर पाणी आहे ते पट्टीनं मोजा, वहीत लिहा आणि पाणी ओतून टाका. हवामान खातंही साडेआठलाच मोजतं. डब्याचं तोंड लहान असो की मोठं, आकडा तोच येतो. का, ते गणिताच्या बाईंना विचारा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तुमच्या घराचं छप्पर शंभर चौरस मीटरचं असेल तर वर्षाच्या ५५० मिलिमीटरचे किती लिटर होतात? पंचावन्न हजार! ते सगळं पन्हाळीतून गटारात जातं की कुठे जातं, हे एकदा पावसात छत्री घेऊन बघून या.

आमच्या वर्गात गेल्या वर्षीची वही पूर्ण झाली. मधे अकरा दिवस कोरे आहेत, कारण दिवाळीच्या सुटीत पाळी कुणाची होती ते ठरवायचं राहिलं, आणि त्याच सुटीत पाऊस पडला. या वर्षी पाळ्या आधीच लावल्या आहेत.

मृग लागतो ७ किंवा ८ जूनला. डबा त्याच्या आधी शोधून ठेवा, आणि तळाला भोक नाही ना, ते पाणी घालून बघा.